मिस्टरांच्या गालात पांढरा चट्टा आहे. कॅन्सर होऊ नये म्हणून व्हिटॅमिनचा डबा घ्यावा का?

सविता_माढा
९ जून, रात्री ९:४०

नमस्कार. मी माढा तालुक्यातली. इथं पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मिस्टरांचं वय ४७. स्वतःचा छोटा हत्ती आहे, द्राक्ष-डाळिंबाची भाडी करतात. रात्रीची गाडी चालवायची तर झोप यायला नको म्हणून मावा खातात. आधी नुसती तंबाखू-चुना होती, दहा-बारा वर्षांपासून मावा. कायम डाव्या गालात धरतात. दोन महिन्यांपासून ठेचा खाल्ला की तोंडाला झोंबतो म्हणतात, पाणी मागतात. परवा मी बॅटरी लावून बघितलं तर डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढांच्या बाजूला, रुपयाएवढा पांढरट चट्टा दिसला. दुखत नाही, म्हणून दवाखान्यात यायला तयार नाहीत.

आमच्या बचत गटातल्या एक ताई एका कंपनीचे डबे विकतात. त्या म्हणाल्या की तीन महिने घ्या, कॅन्सर जवळसुद्धा येणार नाही. एक डबा महिनाभर जातो, किंमत २,८०० रुपये. डब्यावर बीटा कॅरोटीन, व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन सी, सेलेनियम आणि झिंक लिहिलंय. मी गटातून कर्ज काढून तिन्ही डबे घेऊ शकते. ताईंनी उद्या संध्याकाळपर्यंत सांगायला सांगितलंय.

या जीवनसत्त्वांनी आणि खनिजांनी कॅन्सर टळतो का? टळत असेल तर यातलं नक्की कुठलं द्यावं?

माझं स्वतःचं हिमोग्लोबिन ८.४ आलंय. उपकेंद्रातून लाल गोळ्या मिळाल्या, पण त्यांनी संडासला कडक होतं, म्हणून ठेवून दिल्यात. माझं नंतर बघता येईल. आधी ह्यांचं सांगा.

मृण्मयी_कोथरूड
९ जून, रात्री १०:१५

सविताताई, डी व्हिटॅमिन नक्की द्या. मी दोन वर्षं आठवड्याला ६०,००० युनिटचं पाकीट दुधातून घेतेय. माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर झाला होता आणि तिचं डी तेव्हा ९ होतं. तेव्हापासून मी एकही रविवार चुकवलेला नाही. उन्हात काम करणाऱ्यांचंसुद्धा डी कमी असतं म्हणे.

दाढदुखी_लातूर
९ जून, रात्री ११:०२

मी दातांची डॉक्टर आहे, म्हणून आधी दोन गोष्टी विचारते. स्वच्छ ओल्या कापडाने पुसल्यावर चट्टा निघतो का? आणि मिस्टरांच्या तोंडात त्यांची स्वतःची तीन बोटं उभी जातात का? चट्टा पुसून जात नसेल आणि तिखट झोंबत असेल, तर गोळ्यांचा विचार बाजूला ठेवा आणि या आठवड्यातच तोंड दाखवून घ्या. सुरुवातीला हे दुखतच नाही, म्हणून माणसं उशिरा येतात. माझ्याकडे येणारे दहातले सातआठ जण ‘दुखत नव्हतं’ हेच सांगतात.

जुना_औषधवाला_बार्शी
१० जून, पहाटे ५:२०

सविताताई, मी बार्शीत तेहतीस वर्षं मेडिकल चालवलं. आता मुलगा बघतो. तुमचा प्रश्न रात्री वाचला आणि डोळ्याला डोळा लागला नाही. हाच प्रश्न एकदा माझ्या घरात आला होता, आणि त्याचं चुकीचं उत्तर मीच दिलं होतं.

आमचे थोरले बंधू, दादा, मार्केट यार्डात एका आडतीवर दिवाणजी होते. तुरीच्या हंगामात पहाटेपासून वजनं आणि हिशेब. खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी, तासातासाला चिमूट. १९९५ च्या पावसाळ्यात त्यांच्या डाव्या गालात पांढरं दिसलं. वहिनींनी मला घरी बोलावून दाखवलं. त्या काळात औषध कंपन्यांचे एम. आर. बीटा कॅरोटीनच्या कॅप्सूल घेऊन दुकानात यायचे. गुळगुळीत कागदावर गाजराचं चित्र, आणि खाली ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द. आम्हा दुकानदारांना तो तेव्हा नवाच होता. मी दुकानातल्या स्ट्रिपा उचलून दादांना नेऊन दिल्या. घरात सगळ्यांनाच बरं वाटलं. वहिनी तंबाखू सोडा, तंबाखू सोडा म्हणून मागे लागायच्या, ते थांबलं. दादा म्हणायचे, ‘आता औषध चालू आहे ना.’ आणि चिमूट चालू राहिली.

पावणेदोन वर्षांनी चट्ट्याच्या मध्यावर जखम झाली. मग बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, मग मुंबईला परळ. अर्धा जबडा काढला. शेवटचे सात महिने ते नळीनेच जेवायचे. १९९९ च्या दिवाळीआधी गेले.

त्यांना कॅन्सर झाला तो तंबाखूने. कॅप्सूलने झाला असं मी म्हणत नाही. पण दाखवायला जायची ती पावणेदोन वर्षं त्या कॅप्सूलने खाल्ली. आणि ती मी दिली होती.

आता तुमचा डबा. त्यावर पहिलंच नाव बीटा कॅरोटीनचं आहे म्हणून त्याच्यापासूनच सुरू करतो.

भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्या लोकांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो, आणि त्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन जास्त असतं, असं १९८० च्या आसपास बऱ्याच ठिकाणी दिसत होतं. तेव्हा शास्त्रज्ञांनी साधा विचार केला, की मग तेच कॅप्सूलमधून देऊन बघू. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाचे २९,१३३ पुरुष निवडले, सगळे सिगारेट ओढणारे. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, काहींना व्हिटॅमिन ई, काहींना दोन्ही, आणि काहींना तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल. पाच ते आठ वर्षं हे चाललं. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायचा सोडून १८ टक्क्यांनी जास्त झाला होता. म्हणजे ज्यांना ते दिलं नाही त्यांच्यात १०० जणांना झाला असेल, तर यांच्यात ११८ जणांना.

असं कसं होईल, योगायोग असेल, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं. पण अमेरिकेत तसाच दुसरा प्रयोग चालू होता. त्यात १८,३१४ माणसं, सिगारेट ओढणारी, आधी ओढलेली किंवा अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामातली. त्यांना बीटा कॅरोटीन आणि सोबत अ जीवनसत्त्व. जानेवारी १९९६ मध्ये तो मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावा लागला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचे कॅन्सर २८ टक्क्यांनी जास्त होते, आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त.

हे दोन्ही निकाल सिगारेट आणि फुप्फुसाबद्दलचे आहेत, मावा आणि गालाबद्दलचे नाहीत. पण तंबाखू सोडलेली नसताना वरून बीटा कॅरोटीन द्यायचं, हे त्यानंतर मी कुणालाच सांगितलेलं नाही. तारखा बघा ताई. फिनलंडचा निकाल १९९४ मध्ये छापून आला होता आणि मी दादांना कॅप्सूल दिली १९९५ मध्ये. माझ्या हातात तो निकाल पडला २००१ मध्ये. मुलगा फार्मसीला होता, त्याने कॉलेजच्या लायब्ररीतून झेरॉक्स आणली. गाजराचं चित्र सहा वर्षं आधी आमच्या काउंटरवर पोचलं होतं.

दुसरं नाव व्हिटॅमिन ई आणि चौथं सेलेनियम. फिनलंडच्याच प्रयोगात ई घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर कमी झालेला दिसला होता, म्हणून अमेरिकेत २००१ मध्ये ३५,००० हून जास्त पुरुषांवर खास त्यासाठीच प्रयोग सुरू केला. रोज ४०० युनिट ई, २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या बंद केल्या. त्यानंतरही त्या माणसांवर लक्ष ठेवलं, तेव्हा २०११ मध्ये कळलं की नुसतं ई घेतलेल्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढला होता. सेलेनियमने काहीच साधलं नाही.

सी बद्दल थोडक्यात सांगतो. दोन नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांचा त्यावर फार विश्वास होता, रोज १० ग्रॅमपर्यंत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने कॅन्सरच्या रुग्णांवर ते दोनदा तपासलं, १९७९ आणि १९८५ मध्ये निकाल दिले. रिकाम्या गोळीपेक्षा फरक पडला नाही. पेरू खावा, आवळा खावा. गोळीकडून कॅन्सरची आशा धरू नये.

मग सगळंच फोल का? तसं नाही, आणि हे तुम्हाला सांगणं गरजेचं आहे, कारण डबेवाल्या ताई उद्या कदाचित हेच तुम्हाला सांगतील. चीनच्या हेनान प्रांतात लिन्शियान नावाचा भाग आहे. तिथे अन्ननलिकेचा आणि जठराचा कॅन्सर भयंकर प्रमाणात, आणि लोकांच्या जेवणात फळं-भाज्या फारच कमी. १९८६ पासून पाच वर्षं तिथल्या साडेएकोणतीस हजार लोकांना वेगवेगळी जीवनसत्त्वं-खनिजं दिली. बीटा कॅरोटीन, ई आणि सेलेनियम एकत्र मिळालेल्या गटात कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. नावं तीच, तुमच्या डब्यावरची. पण डोस लहान होते आणि ती माणसं मुळात त्या गोष्टींपासून वंचित होती. कोरड्या रानाला पाणी दिलं तर पीक उठतं, तुंबलेल्या रानाला दिलं तर मूळ कुजतं. माझ्या अनुभवाने मला एवढंच समजलंय.

केरळातही गालातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर प्रयोग झाला होता, १९९७ मध्ये छापून आला. वर्षभर अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिले. शंभरातल्या ५२ जणांचे चट्टे गेले, रिकामी गोळी घेणाऱ्यांत १० जणांचे. वाचून आशा वाटते. पण औषध थांबवल्यावर त्यातल्या बहुतेकांचे चट्टे परत आले. आणि एवढं अ जीवनसत्त्व यकृताला झेपत नाही. ते डॉक्टरांच्या नजरेखालचं काम आहे, बचत गटाच्या बैठकीतलं नाही.

मृण्मयीताई, तुमच्या आईचं ऐकून वाईट वाटलं. डी कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं, हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. पण कॅन्सर होऊ नये म्हणून डी द्यायचा सगळ्यात मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, २५,८७१ माणसं, रोज २,००० युनिट, पाच वर्षांहून थोडं जास्त. डी घेणाऱ्यांत ७९३ जणांना कॅन्सर झाला, न घेणाऱ्यांत ८२४ जणांना. हा फरक योगायोगाने पडू शकतो एवढाच आहे. कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत पुढे थोडा फरक दिसतो असं त्यांनी म्हटलंय, पण त्यावर भिस्त ठेवावी असं काही नाही. आणि दर आठवड्याला ६०,००० युनिट दोन वर्षं न तपासता घेऊ नका. रक्तात कॅल्शियम वाढतं, मूतखडे होतात. आमच्या दुकानात असे दोघं-तिघं आले होते. या आठवड्यात डी आणि कॅल्शियम दोन्ही तपासून घ्या. आईला स्तनाचा कॅन्सर झालेला आहे तर तुमची स्वतःची तपासणी कधीपासून करायची, हे डॉक्टरांना विचारा. रविवारच्या पाकिटापेक्षा ते जास्त गरजेचं आहे.

गोळीच्या बाजूचा एक निकाल आहे, तोही सांगतो. पन्नाशीपुढच्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांना अमेरिकेत अकरा वर्षं साधी मल्टिव्हिटॅमिन दिली. दर हजार माणसांमागे वर्षाला १८.३ कॅन्सर होत होते, ते १७ झाले. एवढाच फायदा. त्यासाठी २,८०० रुपये महिना आणि डोक्यावर कर्ज, हे मला पटत नाही.

आता ताई, मला खरं वाटतं ते बोलतो. तुमच्या घरात एका खनिजाची खरोखर गरज आहे, ते म्हणजे लोह. आणि ते तुम्हाला हवंय. वर्षानुवर्षं लोह कमी राहिलेल्या बायकांच्या घशात पातळ पडदे धरतात, घास अडकायला लागतो, आणि पुढे त्यांच्यातल्या काहींना तिथेच, अन्ननलिकेच्या वरच्या तोंडाशी, कॅन्सर होतो. प्लमर-विन्सन म्हणतात त्याला. स्वीडनच्या उत्तर भागात एके काळी हे पुष्कळ दिसायचं. लोकांचं खाणं सुधारलं, लोह मिळू लागलं, तसं ते कमी होत गेलं. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. ८.४ म्हणजे लगेच तसं काही होतं असं नाही. पण ‘माझं नंतर बघता येईल’ हे वाक्य मी काउंटरवर तेहतीस वर्षं ऐकलंय, आणि दर वेळी ते बाईच्याच तोंडून ऐकलंय.

त्या लाल गोळ्या फुकटच्या आहेत म्हणून कमी समजू नका. जेवणानंतर घ्या, लिंबूपाण्याबरोबर. चहा दीड-दोन तास लांब ठेवा. त्रास होत असेल तर एक दिवसाआड घेतल्या तर चालतील का, हे सिस्टरला विचारा, बहुतेक हो म्हणतील. संडास काळी होते, ते लोहामुळेच, घाबरू नका. आणि मुळात रक्त कमी का झालं ते बघा. पाळीत जास्त जातंय का? तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका.

तुमच्या शेजारचाच जिल्हा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. तिथे ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर एक मोठं काम झालं, २००९ मध्ये त्याचा निकाल जगभर गाजला. आमच्या बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरिअल त्यात होते. काही गावांतल्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची एचपीव्ही तपासणी केली, म्हणजे तिथल्या कॅन्सरला कारण होणारा विषाणू आहे का ते बघितलं, आयुष्यात एकदाच. आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या गावांत औषध पोचवणाऱ्या गाड्या आमच्या दुकानावरून जायच्या, म्हणून मला ते काम आठवतं. कुठल्याही जीवनसत्त्वाने असं काही केल्याचं मी आजवर वाचलेलं नाही.

ह्यांना बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला आणा, किंवा सोलापूरला सिव्हिलला न्या. माढ्याहून दोन्हीकडे एस.टी. आहे. यायला तयार नसतील तर सांगा की तुमचं रक्त दाखवायला जायचंय, सोबत चला. दादांच्या बाबतीत मला हे सुचलं असतं तर.

दाढदुखी_लातूर
१० जून, सकाळी ८:१०

काका, तुम्ही एवढं मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. एकच भर घालते. माव्यात तंबाखूपेक्षा सुपारी जास्त असते, आणि तोंड आवळत जाणं, तिखट झोंबणं हे मुख्यतः सुपारीचं काम. तंबाखू सोडून नुसती सुपारी खातो असं म्हणणारे खूप भेटतात. सुपारीही सोडायला हवी.

वैशाली_नाशिक
१० जून, दुपारी १:३५

मला २०१९ मध्ये स्तनाचा कॅन्सर झाला. केमो सुरू व्हायच्या आधी नातेवाइकांनी घरात इतके डबे आणून ठेवले की कपाटाचा एक कप्पा भरला. व्हिटॅमिन, गव्हांकुराची पावडर, कसली कसली थेंबांची बाटली. कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून मी दोन-तीन प्रकार घेतही होते.

दुसऱ्या केमोच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय काय घेता? मी म्हटलं, काही नाही. खोटं बोलले. बाहेर आल्यावर नवऱ्याने हात धरून परत आत नेलं आणि सगळी नावं सांगितली. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावलं, की केमोची काही औषधं कॅन्सरच्या पेशी जाळायला ज्या रीतीने काम करतात, नेमकं तेच विझवायचं काम मोठ्या डोसातली अँटिऑक्सिडंट्स करू शकतात. म्हणून उपचार चालू असताना त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी नाही. जेवणातून मात्र काहीही खा, डाळ, अंडं, पालेभाजी, धुतलेली फळं.

सविताताई, तुम्ही ज्या ताईंकडून डबा घेणार आहात त्यांनाही हे सांगा. त्या वाईट नसतील. माझ्या नणंदेनेही प्रेमानेच आणला होता.

मृण्मयी_कोथरूड
१४ जून, सायंकाळी ६:५०

काका, तपासलं. डी ११८ आलं, वरची मर्यादा १०० लिहिली आहे. कॅल्शियम काठावर आहे. डॉक्टरांनी पाकिटं बंद केली आणि दोन महिन्यांनी परत बोलावलंय. आईच्या आजाराचं त्यांना पहिल्यांदाच सांगितलं, इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं आणि मीही बोलले नव्हते. पुढच्या आठवड्यात माझी तपासणी आहे.

सविता_माढा
३ जुलै, रात्री १०:२५

सगळ्यांना नमस्कार. उशिरा लिहितेय, माफ करा.

डबे घेतले नाहीत. ताई थोड्या नाराज झाल्या, पण वैशालीताईंचं त्यांना वाचून दाखवलं तेव्हा गप्प बसल्या. त्यांच्या सासऱ्यांची रेडिएशन चालू आहे आणि त्यांनाही हाच डबा चालू होता. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः विचारायला दवाखान्यात गेल्या.

काकांनी सांगितलं तसंच केलं. माझं रक्त दाखवायचंय म्हणून ह्यांना बार्शीला घेऊन गेले. तिथे पोचल्यावर मात्र खरं सांगितलं. दहा मिनिटं माझ्याशी बोलले नाहीत, मग केसपेपर काढायला स्वतःच रांगेत उभे राहिले. तोंडात तीन बोटं जात नाहीत, अडीच जातात. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रिपोर्टमध्ये सौम्य डिसप्लेझिया आला. डॉक्टर म्हणाले हा कॅन्सर नाही, पण पेशी बिघडायला सुरुवात झालीय. मावा पूर्ण बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. एक बारीक धारदार दाढ गालाला घासत होती, ती गुळगुळीत करून दिली.

त्यांनी तोंड उघडण्याचे व्यायाम दिलेत आणि लायकोपीनची कॅप्सूलही दिलीय, दोन महिन्यांची. काका, मला भीती वाटली, हीसुद्धा तसलीच आहे का? देऊ का नको?

मी लाल गोळ्या चालू केल्यात, एक दिवसाआड. पाळीत जास्त जातं ते सांगितलं, सोनोग्राफी करायचीय. एचपीव्हीचंही विचारून आले.

मावा सोडून आज एकोणीस दिवस झाले. पण ह्यांना झोप येत नाही, चिडचिड होते, पोरांवर ओरडतात आणि मग स्वतःच बाहेर जाऊन बसतात. रात्रीचं भाडं आलं की मला धास्ती वाटते. परवा टेंभुर्णीच्या टपरीवर गाडी थांबवली होती म्हणाले, उतरले नाहीत. यावर काही आहे का?

जुना_औषधवाला_बार्शी
४ जुलै, पहाटे ५:०५

ताई, एकोणीस दिवस वाचले आणि देवापुढे दिवा लावून मग लिहायला बसलो.

लायकोपीन द्या. ते टोमॅटोतलं लाल द्रव्य आहे. सुपारीने आवळलेलं तोंड थोडं सुटावं, जळजळ कमी व्हावी म्हणून आपल्याकडचे डॉक्टर देतात, ठरावीक दिवसांसाठी, आणि तीन महिन्यांनी तोंड बघणार आहेत. चट्टा कॅन्सर होऊ नये याची ती हमी नाही, ते काम मावा सोडण्याचं आणि त्या तपासणीचं. कॅप्सूल चालू आहे म्हणून तपासणीची तारीख पुढे ढकलायची नाही. तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. आमच्या घरी लिहिली गेली नव्हती.

चिडचिड आणि झोप, हे निकोटीन सुटल्याचं आहे. पहिले तीन-चार आठवडे जास्त असतं, मग उतरतं. २ मिलिग्रॅमची निकोटीनची गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, पण ह्यांच्या गालातला तुकडा काढलाय आणि चट्टा आहे, तेव्हा चघळायची गोळी हॉस्पिटलला विचारल्याशिवाय नको. दंडाला लावायचा पॅच मिळतो, त्याचं विचारा. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारचा फुकट फोन आहे, १८०० ११ २३५६, तो त्यांच्या मोबाइलमध्ये घालून द्या. तलफ पाच-दहा मिनिटं टिकते. तेवढ्यात गाडी बाजूला घेऊन तोंडावर पाणी मारायचं आणि तुम्हाला फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तुम्ही उचला. जमलं तर महिनाभर रात्रीची भाडी कमी घ्या. डब्यांचे ८,४०० रुपये वाचलेत, त्यात काही भाडी भरून निघतील.

गाडीत चघळायला घरी भाजलेली बडीशेप ठेवा, साधी, मऊ. बाजारातली पाकिटं आणू नका. पुष्कळ पाकिटांत सुपारी घातलेली असते आणि ती मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात लिहिलेली असते.